थांबलं कधी म्हणायचं

सुरतेच्या डिंडोलीत वाल्मिक बागुलला ओळखत नाही असा माणूस तुम्हाला सापडायचा नाही. आणि तो नक्की काय काम करतो हे धड सांगेल असाही सापडायचा नाही. पानवाला म्हणेल, टायपिंग करतो. शेजारच्या प्रमिलाबाई म्हणतील, टीव्ही दुरुस्त करतो. त्यांनी तर एकदा आपला बंद पडलेला टीव्ही दोघांच्या खांद्यावरून त्याच्या दारात आणून ठेवला होता. त्याची आई मंगलाबाई, कुणी विचारलं की आधी पदर सावरायची, मग मान वर करून सांगायची, "मना आंडोर कंप्युटरमा शे." माझा मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे! असं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगा त्या डब्याच्या आतच बसून असतो आणि जेवायला तेवढा बाहेर येतो.

बाप भिकन बागुल शिंदखेड्याकडचा. तरुणपणी सुरतेला आला, लिंबायतला लूमवर राबला, आणि मग पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर लागला. वाल्मिक जन्मला सुरतेतच. शाळा मराठी, मित्र गुजराती, शिव्या हिंदी, आणि घरी आल्यावर अहिराणी, अशी चार दारांची त्याची जीभ. डिप्लोमा झाला, मग स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकला. पहिल्या दिवशी त्याने लिहिलेल्या चार ओळींनी पडद्यावर त्याचं नाव शंभर वेळा उमटलं, तर हा पठ्ठ्या एवढा हसत सुटला की सरांनी त्याला पाणी पिऊन यायला बाहेर पाठवलं. तेव्हापासून तो जो चढला तो काही उतरलाच नाही. सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी प्रोग्राम चालला की खुर्चीतून उडी मारायचा, जिना उतरून खाली जायचा आणि पानवाल्याला सांगून यायचा, "चालला!" पानवाला म्हणायचा, "कोण?"

आता या घराची एक खोड सांगितलीच पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. बागुलांच्या घरात काम व्हायच्या आधीच ते झालेलं असतं. मंगलाबाईला विचारा, भाकरी झाल्या का? "व्हई गयं!" आणि पीठ अजून डब्यात. वाल्मिकला विचारा, आंघोळ झाली का? "झालीच!" आणि टॉवेल दोरीवर. ह्याला खोटं म्हणायचं नाही बरं का. मनाने काम उरकलेलं असतं, हातांनी तेवढं मागाहून यायचं असतं. खानदेशातून सुरतेला आलेल्या निम्म्या घरांत ही बोली चालते आणि कुणाचं काही बिघडत नाही. मंगलाबाईचं "व्हई गयं" ऐकून पाहुणा पाटावर बसतो, आणि तो बसेपर्यंत भाकरी खरंच येते.

फक्त भिकनदादा घरात जे बोलेल ते मशीनवर बोलत नसे. जेट म्हणजे एक भलंमोठं बंद पातेलं समजा, आडवं पाडलेलं. आत शेकडो मीटर कापड दोरासारखं फिरतं, रंगाचं पाणी एकशेतीस डिग्रीपर्यंत तापतं आणि वर वाफेचा दाब. काम झालं की चक्र थांबवायचं, पाणी थंड करायचं, कोंडलेली हवा सोडायची, आणि मगच चार बोल्ट सैल करून झाकण उघडायचं. घाई केली तर उकळतं पाणी तोंडावर. म्हणून भिकनदादा पान्याला हात लावण्याआधी बोटं पाण्यात बुडवून झाकणावर शिंपडायचा. छर्र वाजलं की बसायचं. नाही वाजलं की उघडायचं. बायका तव्यावर शिंपडून बघतात ना, तसंच. अकरा वर्षं त्याने हा नेम चुकवला नाही, आणि अकरा वर्षांत त्याच्या अंगावर एक फोड आला नाही.

तर अठ्ठ्याण्णव साल. वाल्मिक रिंग रोडवर हसमुखभाईंच्या ऑफिसात कामाला होता. ऑफिस म्हणजे एका मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली, दोन कॉम्प्युटर, आणि ते दोन चालवणारी दोन माणसं: एक वाल्मिक, दुसरी छाया. छाया गोडादऱ्याची, मूळची परभणीकडची, बाप गवंडीकाम करायचा. ती कमी बोलायची आणि बोलली की वाल्मिकची झोप उडायची. का ते सगळ्यांना माहीत होतं, एकट्या वाल्मिकला सोडून.

एक दिवस हसमुखभाई नाचतच वर आले. एका मिलची मशीनं कॉम्प्युटरवर घ्यायचं काम मिळालं होतं. बटण दाबलं की मशीन सुरू, बटण दाबलं की बंद, आणि झाकण उघडायला मोकळं झालं की हिरवा दिवा. "कुठली मिल?" वाल्मिकने विचारलं. हसमुखभाईंनी नाव सांगितलं आणि वाल्मिक खुर्चीवर उभाच राहिला. बापाची मिल! बापाच्याच मशीनवर पोराचा दिवा लागणार! त्या संध्याकाळी त्याने डिंडोलीत एवढ्या लोकांना सांगितलं की दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंनी मंगलाबाईला विचारलं, मिल तुमच्या वाल्मिकने विकत घेतली ती केवढ्याला?

काम कसं केलं ते थोडं सांगतो, घाबरू नका. प्रोग्राममध्ये प्रत्येक मशीनचा एक क्लास, म्हणजे त्याने काय काय करायचं त्याची वही, लिहायची असते, आणि क्लासांचंही खानदान असतं. सगळ्यात वर आजा, त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'यंत्र'. वीज देणं, वीज तोडणं, हे कुठल्याही मशीनला लागतं, ते आज्याकडे. त्याच्या पोटी 'कढई', म्हणजे जे जे तापतं ते. थंड करणं, हवा सोडणं, आणि ते खरंच झालं का हे मशीनवर बसवलेल्या सेन्सरवरून बघणं, हे तिचं काम. तिच्या पोटी 'जेट', त्याच्याकडे फक्त कापड फिरवणारं चक्र. नातवाला आज्याचं आणि बापाचं (कढई बाई असली तरी नात्याने बापच!) सगळं आयतं मिळतं, परत लिहावं लागत नाही. आणि मशीनची अवस्था लिहायची एक पाटी: बंद, सुरू होतंय, चालू, थांबतंय, थांबलं. पाटीवर 'थांबलं' आलं की हिरवा दिवा. वाल्मिकने जेटचा क्लास एका दमात लिहिला, उडी मारली, मार्केटखालच्या पानवाल्याला सांगून आला आणि छायाला म्हणाला, "झालंच!"

"तपासलास का?" छाया म्हणाली.

"झालंच म्हटलं ना!"

जानेवारी होता, संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, मिलच्या चिमणीला दोन-तीन फाटके पतंग अजून लटकत होते. मंगळवारी सकाळी पहिली चाचणी. शेठ आले, हसमुखभाई टाय लावून आले, बाराएक कामगार हातातलं काम टाकून गोळा झाले. भिकनदादा धुतलेला शर्ट घालून झाकणापाशी चौथऱ्यावर उभा, आणि वाल्मिक खाली टेबलाशी कॉम्प्युटर घेऊन. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघंही हसले असते.

मशीन सुरू झालं, तापलं, कापड फिरलं. सगळं बिनबोभाट. मग वाल्मिकने 'थांब'चं बटण दाबलं. चक्र थांबलं, आणि लगेच, अगदी पापणी लवायच्या आत, हिरवा दिवा! अहाहा! वाल्मिकने टाळीच वाजवली. तो त्या दिव्याकडे बघत राहिला आणि त्याला दुसरं काही दिसेना. शेठ म्हणाले, "वाह!" हसमुखभाई म्हणाले, "जोयुं?" बघितलंत ना! आणि भिकनदादाने पाना उचलला.

पाणी त्याने शिंपडलं नाही.

"काका, थांबा!" हे ओरडली छाया. तिची नजर दाबाच्या काट्यावर होती आणि काटा दोनवर उभा होता. पण तोवर पहिला बोल्ट सैल झाला होता. झाकणाच्या फटीतून वाफेचा फवारा असा सणसणत आला की भिकनदादाच्या खांद्याला चाटून मागच्या भिंतीवर आदळला. म्हातारा चौथऱ्यावरून मागे उडी मारून खाली पडला, गुडघा फुटला. एक वीत इकडे असता तर तोंड गेलं असतं. वाल्मिकची दुसरी टाळी दोन हातांच्या मध्येच राहिली.

"क्या हुआ?" शेठ धावले.

भिकनदादा गुडघा दाबत उठला. त्याने दिव्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि म्हणाला, "कुछ नहीं शेठ. मेरीच जल्दी हो गई."

अकरा वर्षं ज्याने घाई केली नव्हती तो माणूस बारा लोकांसमोर आपल्या तोंडाने सांगत होता की घाई माझी झाली. वाल्मिकला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेठ म्हणाले, ठीक आहे, पुढच्या मंगळवारी पुन्हा बघू, आणि तेव्हा धड चाललं नाही तर हा डबा उचलून घेऊन जा. कुणीतरी सुचवलं, झाकणावर दुसरा माणूस द्या. भिकनदादा म्हणाला, "नाही. झाकणावर मीच."

घरी मंगलाबाई नवऱ्याच्या गुडघ्याला हळद लावत होती. वाल्मिक उंबऱ्यावर बसला. त्याने विचारलं, "नाना, तुम्ही पाणी का नाही शिंपडलं?"

"तुना दिवा लागना व्हता ना," बाप म्हणाला, जसं काही ह्यात विचारण्यासारखं काय आहे.

दुसऱ्या कुणाचा दिवा असता तर नानांनी दहा वेळा पाणी शिंपडलं असतं. पोराचा दिवा म्हणून बोटं कोरडी राहिली. आणि पुढच्या मंगळवारी त्याच झाकणावर तेच नाना उभे राहणार होते.

सकाळी ऑफिसात छायाने घोडं कुठं पेंड खातंय ते दोन मिनिटांत काढलं. "हे बघ," ती म्हणाली. "तुझ्या जेटनं आपलं चक्र थांबवलं आणि पाटीवर लिहून मोकळा झाला, थांबलं! बापाला हाक मारायची ओळ तू लिहिलीच नाहीस. कढई आत तशीच उकळायली. तिला कुणी सांगितलंच नाही थांब म्हणून."

वाल्मिकने एक ओळ घातली. "झालंच!"

छायाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो खुर्चीत खाली सरकला. "एक ओळ घातलास. उद्या दुसरं मशीन येईल, परवा तिसरं. त्यांचे क्लास तू लिहिणार, मी लिहिणार, आपण गेल्यावर तिसराच कुणी लिहील. एखादा विसरलाच तर? दर वेळी झाकणावर कुणाचा तरी बाप असतोय की."

"मग काय, विसरू नका म्हणून भिंतीवर लिहू?"

"भिंतीवर नको. विसरताच येऊ नये असं कर."

बोलून गेली बया! सांगायला काय जातं? बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारी वीज गेली, शनिवारी डोकं धरून धरून वाल्मिकच्या कपाळावर पंजा उमटला. पाटीवर लिहायचा हक्क प्रत्येकाला दिला तर जो तो आपलं उरकलं की लिहून मोकळा होतो. हक्क काढून घेतला तर लिहायचं कुणी? पोरगा जेवताना बोलेना. मंगलाबाईने देवाला नारळ कबूल केला आणि रविवारी त्याला ओढत एका लग्नाला घेऊन गेली.

लग्न डिंडोलीतलंच, गावाकडच्या भाऊबंदांतलं. दुपारची पंगत, वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, ज्याच्या वासाने मेलेला माणूस उठून बसावा. वाल्मिकला मात्र चव कळत नव्हती. तो भराभर जेवला, डोक्यात कढई शिजत होती, आणि पान संपलं तसा सरळ उठून उभा राहिला.

अख्खी पंगत चमकून वर बघायला लागली. आमच्याकडे पंगतीतून एकट्याने उठणं म्हणजे शेजारच्याच्या पानात माती टाकणं. शेवटचा म्हातारा शेवटचा घास गिळेपर्यंत, ताक पिईपर्यंत, सगळ्यांनी पानावर बसायचं. मग घरातला थोरला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवतो आणि म्हणतो, उठा मंडळी. मंगलाबाईने लाजेने तोंडावर पदर घेतला. वराचे थोरले चुलते काशिनाथ आप्पा, पांढऱ्या मिशांचे, पंगतीच्या तोंडाशी काठी टेकून उभे होते. ते गरजले, "बठ खाले! तुनं व्हयनं म्हंजे पंगतनं व्हयनं का रे?"

तुझं झालं म्हणजे पंगतीचं झालं का?

वाल्मिक बसला नाही. तो आप्पांकडे बघत राहिला. त्याचं तोंड उघडंच.

"आप्पा," तो म्हणाला, "परत म्हणा!"

"काय?"

"आत्ता म्हणालात ते परत म्हणा!"

आप्पांना वाटलं पोरगा उद्धटपणा करतोय, त्यांनी काठी उचलली. तर हा पान ओलांडून धावला आणि वरणाने भरलेल्या हातांनी त्याने आप्पांचे पाय धरले. नव्या धोतराच्या काठाला पिवळे पंजे! "सापडलं! आप्पा, तुम्ही आजा! तुम्ही यंत्र!" आणि तो मांडवाबाहेर पळाला, कुणाची तरी सायकल उचलली आणि गोडादऱ्याच्या दिशेने सुटला. मागे मंगलाबाई सगळ्यांना सांगत होती की तसं काही नाही, पोरगा कंप्युटरमध्ये आहे.

छाया अंगणात कपडे वाळत घालत होती. समोर वाल्मिक, घामाने निथळणारा, कोपरापर्यंत वरण.

"काय करायलास इथं? हात तर धू की!"

"पंगत!" वाल्मिक म्हणाला. "छाया, पंगत कधी उठते?"

"मारुतीला जा आधी. नारळ फोड."

पण त्याने सांगायला सुरुवात केली आणि चिमटे तिच्या हातातच राहिले. जेवणाऱ्याने आपलं झालं हे आपल्यापुरतं सांगावं. पंगत उठली हे फक्त आप्पांनी सांगायचं. म्हणजे पाटी आज्याच्या खिशात! नातवाला नाही, बापालाही नाही, दुसऱ्या कुणाला तिला हातच लावता येणार नाही. आणि 'थांब' हा हुकूमही आज्याच्याच ताब्यात, तो कुणी बदलायचा नाही. नातवाने बापाला हाक मारायची गरजच ठेवायची नाही, मग विसरेल काय? आजाच यादी घेऊन एकेकाला नावाने विचारणार. जेट, तुझं चक्र थांबलं? कढई, थंड झालीस? हवा सोडलीस? सगळ्यांचं "हो" आलं की मगच आजा म्हणणार, थांबलं.

"आणि थांबवताना धाकट्यापासून विचारायचं," छाया म्हणाली. तिचेही डोळे चमकायला लागले होते. "चक्र फिरत असताना कढई रिकामी केली तर कापड जळंल. सुरू करताना मात्र थोरल्यापासून. आधी वीज, मग पाणी, मग चक्र."

"बरोबर! पंगतीला बसताना थोरला आधी!"

"आणि पंगतीत एखादा आडवाच झाला तर? घेरी आली, घास अडकला?"

वाल्मिक म्हणाला, "तर... पंगत उठली असं कसं म्हणणार?"

"उठली नाही. मोडली. त्याला वेगळं नाव पाहिजे. 'बिघडलं.' ठरल्या वेळेवर दोन मिनिटं गेली आणि कुणाचं 'हो' आलं नाही की लाल दिवा, आणि हिरवा काही केल्या लागायचा नाही, कुणी कितीदा बटण दाबो."

मग जे काही त्या अंगणात चाललं ते शेजारीपाजारी अजून सांगतात. हा उड्या मारतोय, ती चिमट्यांनी जमिनीवर रेघा ओढतेय, मध्येच दोघं एकदम बोलतायत, एकदम हसतायत. छायाची आई दारात येऊन बघून गेली, आणि आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "जावई खुळा हाय, पण हात धुतल्यावर बरा दिसंल."

सोमवारी दिवसभर बसून दोघांनी लिहिलं. आणि ह्या वेळी वाल्मिकने उडी मारली नाही. त्याने मुद्दाम चक्र अडकवलं, मुद्दाम कढईला गप्प बसवलं, 'थांब'चं बटण दोनदा दाबलं, दहादा दाबलं, थांबत असताना मध्येच 'सुरू' दाबलं. आजा हलला नाही. संध्याकाळी छायाने विचारलं, "झालं का?" तर हा बागुलांचा पोरगा, पहिल्यांदाच जन्मात, म्हणाला, "बघू."

मंगळवार. तीच मंडळी, तोच चौथरा, भिकनदादाचा तोच धुतलेला शर्ट. गुडघ्यामुळे तो एक पाय ओढत वर चढला. कापड रंगलं, वाल्मिकने 'थांब' दाबलं. चक्र थांबलं, हळूहळू पाणी थंड झालं.

दिवा लागेना.

पडद्यावर 'थांबतंय'. एक मिनिट. दीड. शेठ घड्याळ बघायला लागले. दोन मिनिटं झाली, आणि लाल दिवा. पडद्यावर ओळ आली: 'बिघडलं. कढई: हवा सुटली नाही.'

"अरे!" शेठ कडाडले. "पिछली बार बत्ती जल्दी लगी, इस बार लगती ही नहीं! ये क्या खेल है? भिकन, खोल दे, माल बिगड़ जायेगा!"

हसमुखभाईंनी टाय सैल केला. काट्याकडे पाहावं तर तो शून्याच्या जरासा वर, आणि तो जुना काटा बंद मशीनवरसुद्धा तिथेच रेंगाळायचा. भिकनदादाने बोटं बुडवली, झाकणावर पाणी शिंपडलं. थेंब तसेच बसून राहिले. छर्र नाही, काही नाही. झाकण थंड होतं.

"देखा? ठंडा है! खोल!"

आता बघा कशी गोची झाली. अकरा वर्षांची बोटं म्हणत होती उघड. शेठ म्हणत होते उघड. बारा कामगार म्हणत होते, दादा उघडा, काही नाही आत. आणि नको म्हणत होता एकच जण, एक दिवा, जो मागच्याच मंगळवारी धडधडीत खोटं बोलला होता. वाल्मिक मनात म्हणाला, आपलंच परत चुकलं असेल तर? सगळा माल जाईल, काम जाईल. असू दे, जाऊ दे.

"नाना," तो म्हणाला, "नका उघडू."

भिकनदादाने झाकणावरच्या थेंबांकडे पाहिलं, मग खाली उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं. मग त्याने पाना चौथऱ्यावर ठेवला आणि त्याच्यावरच बैठक मारली.

"दिवा नही लागना," तो शेठना म्हणाला. अहिराणीत! शेठना अहिराणी कुठली येतेय, पण कळलं बरोबर.

शेठ लालबुंद झाले, दुसऱ्याला चढायला सांगितलं. पण पान्यावर म्हातारा बसलेला, त्याला उठवणार कोण? शेवटी वैतागून त्यांनी फिटरला बोलावलं. फिटर मशीनच्या मागे गेला, आणि लांब दांड्याचा पाना लावून हवेच्या नळीचा जोड अंग चोरून जरा ढिला केला.

जो आवाज झाला तो पलसाण्याच्या हायवेवर ऐकू गेला म्हणतात. नळीतून कापडाच्या तंतूंचा मुठीएवढा गच्च बोळा सुटला तो थेट वरच्या पत्र्याला जाऊन धाडकन आदळला, आणि मागोमाग हवा, कितीतरी वेळ, किंचाळत. पत्र्यावरची कबुतरं उडाली. तेवढ्या रुंद झाकणाखाली तेवढी हवा कोंडलेली! झाकणाचे बोल्ट काढले असते तर झाकण आणि ते काढणारा, दोघंही त्या पत्र्याला लागले असते. पाणी थंड झालं होतं, हवा सुटली नव्हती. आणि हवा कोंडलेली आहे का, हे बोटावरच्या पाण्याला कळत नाही.

फिटरने जोड परत आवळला. वाल्मिकने 'थांब' पुन्हा दाबलं. आज्याने पुन्हा पहिल्यापासून एकेकाला विचारलं. जेट, हो. कढई, थंड, हो. हवा, हो. आणि हिरवा दिवा लागला.

मग जी बोंब उठली! शिट्ट्या काय, टाळ्या काय! हसमुखभाईंनी शेठनाच मिठी मारली. शेठ मिठीतून सुटून म्हणाले, सगळी मशीनं घ्या, सगळी, उद्यापासून! वाल्मिक नाचायला लागला तो ओल्या फरशीवर, आणि सपशेल आडवा झाला राणी रंगाच्या थारोळ्यात. उठला तो पाठ, पँट, एक कान, सगळं राणी. छाया पोट धरून खाली बसली. भिकनदादाने मात्र शांतपणे पाना उचलला, चार बोल्ट काढले, झाकण उघडलं, आणि आत वाकून रंग कसा चढलाय ते आधी बघितलं.

संध्याकाळी बापलेक शेअर टेंपोत मागे बसून डिंडोलीला निघाले. वाल्मिकचा कान अजून राणी होता, बाकीच्या प्रवाशांना हसू आवरत नव्हतं, आणि हा आपला सगळ्यांना सांगत सुटलेला, आजा कसा, कढई कशी, पंगत कशी. सगळं सांगून झाल्यावर त्याला एकदम आठवलं.

"नाना, एक सांगा. पाणी तर वाजलं नव्हतं. आणि दिवा मागच्या वेळी खोटा निघाला होता. मग आज तुम्ही दिव्याचं का ऐकलं?"

"दिवानं कोन ऐकस रे," भिकनदादा म्हणाला. "मागला मंगळवारे तू दिवाकडे देखी राह्यंता. आज दिवाकडे सगळा जन देखी राह्यंतात, आन तू मना हातकडे. मंग मी कसाले उघाडू?"

मागल्या वेळी तू दिव्याकडे बघत होतास, आज सगळे दिव्याकडे आणि तू माझ्या हाताकडे, मग मी कशाला उघडू? शेजारच्या बाईने विचारलं, का रे बाबा, रडतोस का? तर तो म्हणाला, नाही, आणि बापाचा हात हातात घेऊन घर येईपर्यंत सोडला नाही.